लग्नाचे फोटो: खर्च नोंदीचा आणि खर्च देखाव्याचा

राहाता तालुक्यात लग्न ठरल्यानंतर याद्यांची बैठक होते, म्हणजे दोन्हीकडची मंडळी एकत्र बसून कोणता खर्च कोणी उचलायचा हे कागदावर मांडतात, आणि त्या बैठकीत मंगल कार्यालय, जेवण, मंडप, वाजंत्री व मानपान यांच्या पाठोपाठ ‘फोटो-शूटिंग कोणाकडे’ हा प्रश्न हमखास निघतो. यादीतील इतर बाबींचा हिशेब लोकांच्या अंगवळणी पडलेला असतो. ताटाचा दर गुणिले पाहुणे हे गणित कोणालाही समजते, कार्यालयाचे भाडे शेजारच्या कार्यालयाशी ताडून पाहता येते आणि सोन्याचा भाव तर रोज छापून येतो. छायाचित्रकाराच्या दराला मात्र असे सर्वमान्य मोजमाप नसल्यामुळे एकतर ‘नुसते बटण दाबायचे एवढे पैसे’ अशी कुरकूर होते, नाहीतर भावकीतल्या मागच्या लग्नात क्रेन आणि ड्रोन होते म्हणून ती दोन्ही आपल्याकडेही असावीत, एवढ्याच कारणावरून लाखाचा आकडा मान्य केला जातो. या दोन्ही प्रतिक्रियांच्या मुळाशी एकच घोटाळा आहे. लग्नाच्या छायाचित्रणात दोन निरनिराळे खर्च एकाच पावतीवर येतात, एक पुढच्या पिढ्यांसाठी ठेवायच्या नोंदीचा आणि दुसरा त्या दिवशी जमलेल्या पाहुण्यांपुढे मांडायच्या देखाव्याचा, आणि या दोहोंना एकच माप लावले की कुठला खर्च सार्थ आणि कुठला वायफळ हे कळेनासे होते.

राहाता हे नगर-मनमाड रस्त्यावरचे बाजाराचे गाव असून शिर्डी याच तालुक्यात येते, आणि विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने १९५० साली सुरू झालेला, आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून ओळखला जाणारा प्रवरेचा कारखानाही याच तालुक्यात, लोणीजवळ आहे. ऊस, पेरू आणि डाळिंब यांचा पैसा, त्याला शिर्डीतील हॉटेल-लॉज व्यवसायाची जोड, आणि रस्त्याच्या कडेने उभी राहिलेली लॉन्स व कार्यालये यांमुळे येथील लग्ने लहानशा तालुक्याच्या मानाने मोठी होतात. त्यांची छायाचित्रे काढणारे बहुतेक व्यावसायिक एकट्याच्या मालकीचे छोटे स्टुडिओ चालवतात, आणि त्यांच्याकडे पासपोर्ट फोटोपासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत, जागरण-गोंधळापासून दशक्रिया विधीपर्यंत सगळी कामे येतात. लग्नसराई हाच त्यांच्या उत्पन्नाचा कणा असला तरी वर्षभर दुकान उघडे राहते ते या किरकोळ कामांवर, ही गोष्ट दर समजून घेताना विसरून चालत नाही.

भारतात छायाचित्रण १८४० च्या दशकात पोहोचले आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तिच्या आरंभीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी होते. तरीही सामान्य मराठी कुटुंबाच्या लग्नात कॅमेरा यायला पुढे बरीच दशके जावी लागली, आणि आला तेव्हाही तो फार जपून वापरला जाई. मध्यम आकाराच्या, म्हणजे १२० क्रमांकाच्या रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरच्या अवघ्या १२ चौकटी निघत आणि नंतर सर्रास झालेल्या ३५ मिलिमीटरच्या रोलवर ३६ निघत. म्हणून दहा रोल घातले तरी संपूर्ण लग्न ३६० चौकटींत बसवावे लागे. प्रत्येक चौकटीला रोलचा, धुलाईचा आणि छपाईचा खर्च असल्यामुळे कोणाचा फोटो घ्यायचा हे घरातील वडीलधारे ठरवत, आणि मांडवात उभा असलेला फोटोग्राफर इशारा मिळेपर्यंत बटण दाबत नसे. डिजिटल कॅमेऱ्याने हे बंधन काढून टाकले. आज एका लग्नात चार-पाच हजार चौकटी सहज घेतल्या जातात, आणि चौकट फुकट झाली म्हणजे छायाचित्रणही स्वस्त व्हायला हवे असा ग्राहकाचा समज होतो. प्रत्यक्षात खर्च नाहीसा न होता रोलवरून माणसाच्या वेळेवर सरकला आहे.

हा वेळ कुठे जातो ते सहज मोजता येते. चार हजार चौकटींतील प्रत्येकीला फक्त पाच सेकंद देऊन ठेवायची की टाकायची एवढेच ठरवायचे म्हटले, तरी साडेपाच तास लागतात, आणि रंग सुधारणे, कातरणे, अल्बमची मांडणी करणे ही कामे त्यानंतर सुरू होतात. व्यावसायिक मंडळी ‘रॉ’ फाइलमध्ये चित्रण करतात; रॉ म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः काहीही न ठरवता प्रकाशाची संपूर्ण माहिती जशीच्या तशी साठवलेली फाइल, जिच्यातून अंधारलेला चेहरा किंवा बिघडलेला रंग नंतर बऱ्याच अंशी सावरता येतो, पण जिचा आकार साध्या फोटोच्या कितीतरी पट असतो. आधुनिक कॅमेऱ्याची अशी एक फाइल ३० ते ४० मेगाबाइटची धरली तर चार हजार चौकटींना सुमारे दीडशे गिगाबाइट जागा लागते, आणि सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने केलेल्या फोर-के चित्रीकरणाचा एक तास आणखी ४५ गिगाबाइट खातो. हा सर्व ऐवज किमान दोन ठिकाणी साठवावा लागतो, कारण डिस्क बिघडली तर लग्न पुन्हा लावता येत नाही.

दराचा अंदाज येण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडून पाहता येईल, त्यातील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. हळद आणि लग्न असे दोन दिवस, मालक वगळून चार माणसे, म्हणजे दोन फोटोसाठी व दोन व्हिडिओसाठी, आणि प्रत्येकाची रोजची मजुरी सरासरी ३,००० रुपये धरली तर मजुरीचेच २४,००० होतात. अल्बमची छपाई, कव्हर व पेटी यांना ८,०००, व्हिडिओचे मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचे तुकडे जोडून गाणी बसवण्याचे काम, आणि अल्बमचे डिझाइन यांना १२,०००, प्रवास-किरकोळीला ३,००० धरू. सामग्रीची झीज हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे: चांगल्या पूर्ण-चौकट कॅमेऱ्याची नुसती बॉडी दोन-अडीच लाखांच्या घरात जाते, तिच्या तोलाची लेन्स लाख-दीड लाखाची असते, आणि दोन-तीन कॅमेरे, दिवे, ट्रायपॉड व संगणक मिळून आठ लाखांची सामग्री चार वर्षांत, वर्षाला ४० कामाच्या दिवसांवर वसूल करायची म्हटली, तर दिवसाला ५,००० म्हणजे या लग्नापुरते १०,००० पडतात. एकूण ५७,००० झाले. यावर दुकानाचे भाडे, वीज, मालकाची स्वतःची मेहनत आणि रिकामे महिने यांसाठी काही उरायचे असेल तर ७५,००० चा दर लुटीचा म्हणता येणार नाही. ज्या व्यावसायिकाची वार्षिक उलाढाल २० लाखांहून अधिक आहे त्याला वस्तू व सेवा कराची नोंदणी घ्यावी लागते आणि त्याच्या बिलावर १८ टक्के कर चढतो, म्हणजे याच कामाचे बिल आणखी १३,५०० रुपयांनी वाढते. छोट्या स्टुडिओचा आणि शहरी कंपनीचा दर ताडून पाहताना हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

रिकामे महिने हा शब्द वर सहज आला, पण या धंद्याचे अर्धे अर्थशास्त्र त्यातच आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मासात लग्ने जवळपास थांबतात, तुळशीचे लग्न लागले की पुन्हा सुरू होतात, आणि शेतीची कामे हलकी असलेल्या वैशाख-ज्येष्ठात त्यांची गर्दी होते. पंचांगाने हे महिनेही हिरावले की धंद्याला मोठा फटका बसतो. २०२४ साली मे आणि जूनमध्ये शुक्राचा अस्त आल्यामुळे नेहमीचे मुहूर्त जवळपास नव्हते, आणि २०२६ साली १७ मे ते १५ जून हा काळ अधिक ज्येष्ठाचा ठरतो. गौण मुहूर्तांवर काही लग्ने लागतात हे खरे, पण त्यांनी भरपाई होत नाही. याउलट मोठ्या तिथीला राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, संगमनेर या सगळ्या पट्ट्यात एकाच दिवशी लग्ने असतात, तेव्हा मजुरीवर येणारी कॅमेरावाली मुले मिळेनाशी होतात आणि त्यांचा रोज वाढतो. हॉटेलच्या खोलीसारखा छायाचित्रकाराचा दिवसही साठवून ठेवता येत नसल्यामुळे तिथीला दर चढणे अपरिहार्य आहे. ज्या कुटुंबांना मधल्या वारी किंवा कमी गर्दीच्या मुहूर्ताला लग्न करणे शक्य आहे, त्यांना घासाघीस करायला खरी जागा तिथेच मिळते.

आता कौशल्याचा मुद्दा. नगरी लग्नातील सर्वांत कठीण क्षण अंतरपाट दूर होण्याचा असतो. मंगलाष्टके संपता संपता भटजींचा आवाज चढतो, ‘सावधान’ म्हणताच अंतरपाट ओढला जातो, अक्षतांचा मारा सुरू होतो, वाजंत्री वाजू लागते, नवरदेवाला मित्र उचलून धरतात, मामा वधूला आधार देतात आणि हारांची अदलाबदल होते. हे सर्व काही सेकंदांत आटोपते. या सेकंदांसाठी एक कॅमेरा वधूच्या बाजूला, एक वराच्या बाजूला आणि एक समोर हवा, समोर कोणाचा हात आला तर जागा बदलण्याइतकी चपळाई हवी, आणि उडत्या तांदळावर नव्हे तर चेहऱ्यावर फोकस राहील याची आधीच तजवीज केलेली हवी. त्यातून मुहूर्त दुपारी साडेबाराचा आणि लग्न उघड्या लॉनवर असेल तर मे महिन्याचे ऊन थेट डोक्यावरून पडते, फेट्याची आणि मुंडावळ्यांची सावली डोळ्यांच्या खोबणीत बसते आणि पांढऱ्या सदऱ्यावरचा उजेड मात्र डोळे दिपवतो. अशा वेळी कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा हे सदऱ्याकडे पाहून ठरवले तर चेहरे काळे पडतात आणि चेहऱ्याकडे पाहून ठरवले तर सदरा पांढरा डाग होतो. अनुभवी माणूस फ्लॅशचा हलका प्रकाश टाकून सावली भरून काढतो किंवा वधूवरांना पाऊलभर वळवून घेतो.

मांडवातील अडचणी निराळ्या असतात. लाल-पिवळ्या कापडातून गाळून आलेला प्रकाश सगळ्यांच्या त्वचेला त्याच रंगाची झाक देतो, आणि ती काढण्यासाठी कॅमेऱ्याचा श्वेतसमतोल, म्हणजे या प्रकाशात पांढरे नेमके कशाला म्हणायचे याचे माप, हाताने लावावे लागते. स्टेजमागे एलईडी वॉल असेल तर तिचे दिवे डोळ्यांना न जाणवणाऱ्या वेगाने लुकलुकत असतात आणि कॅमेऱ्याच्या शटरचा वेग त्यांच्याशी जुळला नाही की फोटोवर आडवे पट्टे उमटतात. यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे विधींचा क्रम ठाऊक असणे. देवक, सीमांतपूजन, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी या पायऱ्या निदान पुकारल्या तरी जातात. पण वधूच्या भावाने नवरदेवाचा कान पिळण्याची कानपिळी, सासूने आरशात सुनेचा चेहरा पाहण्याचे सूनमुख, किंवा मुलीला सासरच्यांच्या हवाली करण्याची झाल हे प्रसंग घरगुती लगबगीत होऊन जातात आणि ज्याला ते येणार हे ठाऊक नाही, तो त्या वेळी नेमका जेवणाच्या रांगेत असतो. शहरातून बोलावलेल्या महागड्या पथकापेक्षा तालुक्यातला जाणता फोटोग्राफर कधीकधी सरस ठरतो तो याच कारणामुळे. शिवाय येथील लग्नांत पुढाऱ्यांची वाट पाहत मुहूर्त टळतो, ध्वनिक्षेपकावरून नावे पुकारली जातात, सत्कार होतात, आणि यजमानांचे डोळे कॅमेऱ्याकडे असतात की आमदारांचा फोटो नीट आला की नाही. त्या धांदलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या आजीचा फोटो आठवणीने काढणारा छायाचित्रकार आपली निम्मी फी तिथेच वसूल करून देतो.

व्यवसायात हल्ली ‘ट्रॅडिशनल’ आणि ‘कँडिड’ असे दोन दर सांगितले जातात. ट्रॅडिशनल म्हणजे विधी आणि स्टेजवरचे समूहफोटो, ज्यात माणसे कॅमेऱ्याकडे पाहून उभी असतात. कँडिड म्हणजे त्यांच्या नकळत टिपलेले भाव. कँडिडचा दर बहुधा जास्त असतो आणि तरुण जोडप्यांचा ओढाही तिकडे असतो, मात्र नोंद म्हणून पाहिले तर ज्याला जुनाट म्हणून नाक मुरडले जाते त्या स्टेजवरच्या रांगेचे मोल फार मोठे आहे. आहेर देण्यासाठी एकामागून एक स्टेजवर चढलेली कुटुंबे ही त्या घराच्या सोयरीक-भावकीची त्या वर्षीची जनगणनाच असते; कोण हयात होते, कोणाची मुले केवढी होती, कोणाशी बोलणे होते आणि कोणाशी तुटले होते, हे त्या कंटाळवाण्या फोटोंवरून वीस वर्षांनीही वाचता येते. म्हणून पैसे मर्यादित असतील तर कँडिडचे पथक कमी करून समूहफोटोंसाठी एक सावध माणूस पूर्ण वेळ ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरते.

प्रत्येकाच्या हातात मोबाइल असताना फोटोग्राफरची गरजच काय, हा प्रश्नही रास्त आहे. पाहुण्यांचे मोबाइल शेकडो फोटो काढतात हे खरे, पण ते त्यांच्या सोयीच्या जागेवरून आणि त्यांच्याच माणसांचे असतात, आणि लग्नानंतर ते गोळा करायला गेले तर व्हॉट्सअॅपवरून आकसून आलेल्या, मोठ्या आकारात छापता न येणाऱ्या प्रती हाती लागतात. दुसरा तोटा पाहणाऱ्याचा आहे. अमेरिकेतील फेअरफील्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, संग्रहालयातील वस्तूंचे फोटो काढणाऱ्यांना त्या वस्तू नुसत्या पाहणाऱ्यांपेक्षा कमी आठवल्या असे आढळले. संग्रहालय आणि लग्नमंडप यांत अंतर आहे, तरी बहिणीच्या अक्षता मोबाइलच्या पडद्यावर पाहणाऱ्या भावाला हा निष्कर्ष लागू पडावा. चित्रणाची जबाबदारी एका माणसावर सोपवल्याने घरच्यांना लग्न डोळ्यांनी पाहायची मोकळीक मिळते, आणि फीचा काही भाग या मोकळिकीसाठीच असतो.

येथवर नोंदीचा खर्च झाला. देखाव्याचा खर्च वेगळा आहे आणि गेल्या दशकात तोच झपाट्याने वाढला. लग्नापूर्वी जोडप्याला एखाद्या रम्य ठिकाणी नेऊन चित्रपटातल्या गाण्यासारखे चित्रण करायचे, याला प्री-वेडिंग म्हणतात, आणि ती फीत लग्नाच्या दिवशी एलईडी वॉलवर दाखवली जाते. क्रेन म्हणजे लांब दांड्यावर बसवलेला, गर्दीवरून फिरणारा कॅमेरा. या गोष्टी वाईट आहेत असे नाही, मात्र त्यांचा प्रेक्षक तेथे जमलेला समाज असतो आणि त्यांचे आयुष्य बहुधा त्या संध्याकाळपुरते असते. २०२५ साली अहिल्यानगर येथे मराठा समाजाच्या बैठकीत साध्या लग्नांसाठी जी आचारसंहिता मांडली गेली, तिच्यात मोजकी पाहुणेमंडळी, डीजेऐवजी पारंपरिक वाद्ये यांच्याबरोबर प्री-वेडिंगच्या प्रदर्शनाला आवर घालण्याचाही आग्रह होता. अशा संहिता किती पाळल्या जातात हा प्रश्न निराळा, पण आक्षेपाचा रोख प्रदर्शनावर होता आणि लग्नाचे फोटो काढण्याला कोणी हरकत घेतली नव्हती, ही बाब बोलकी आहे.

ड्रोनच्या बाबतीत तर पैशाखेरीज कायदाही पाहावा लागतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने खासगी ड्रोन उडवण्यावर बंदी घातली होती, तरी त्या काळातही लग्नांवर ड्रोन घिरट्या घालतच होते. आता ड्रोन नियम २०२१ लागू आहेत. २५० ग्रॅमपर्यंतच्या ‘नॅनो’ ड्रोनला चालकाच्या परवान्याची अट नाही, पण २५० ग्रॅम ते दोन किलो वजनाचा ‘मायक्रो’ ड्रोन पैसे घेऊन केलेल्या कामासाठी वापरायचा असेल तर चालकाकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र हवे आणि ड्रोनची ‘डिजिटल स्काय’ या सरकारी प्रणालीत नोंदणी हवी. विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरपर्यंत उड्डाणावर कमीअधिक निर्बंध असतात, आणि १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झालेला शिर्डीचा विमानतळ शेजारच्या काकडी येथे असल्यामुळे या भागातील प्रत्येक कार्यालयाची जागा त्या प्रणालीच्या नकाशावर तपासून घ्यावी लागते. ही कागदपत्रे दाखवा असे म्हटल्यावर जो फोटोग्राफर विषय बदलतो, त्याच्याकडून ड्रोन न घेतलेला बरा.

नोंदीचे मोल केवळ भावनेत नसते. महाराष्ट्रात विवाह नोंदणी करताना लग्नपत्रिकेबरोबर लग्नाचा फोटो मागितला जातो, आणि परदेशी गेलेल्या मुलामुलींच्या जोडीदाराच्या व्हिसासाठीही विवाह खरा असल्याचा पुरावा म्हणून फोटो लागतात. हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम ७ प्रमाणे विवाह रूढ विधींनी साजरा व्हावा लागतो, आणि असे विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या प्रमाणपत्राने विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मधील एका निकालात स्पष्ट केले. वाद कोर्टात गेलाच तर सप्तपदीचा फोटो एलईडी वॉलवरच्या गाण्यापेक्षा कितीतरी उपयोगी पडतो. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, राज्य सरकारने लग्न २५ माणसांत आणि दोन तासांत उरकण्याचे बंधन घातले, तेव्हा उरलेल्या नातेवाइकांसाठी कॅमेरा हाच मांडव झाला होता. चांगल्या एकाच फोटोतून किती काम निघू शकते याचे उदाहरणही याच तालुक्यात आहे: साईबाबांची अस्सल छायाचित्रे मोजकीच उपलब्ध आहेत, आणि शिर्डीच्या समाधी मंदिरात १९५४ साली बसवलेली संगमरवरी मूर्ती शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांनी छायाचित्राच्या आधारे घडवली.

मोल टिकायचे तर फोटो टिकायला हवा, आणि इथे मराठी घरांचा अनुभव फारसा चांगला नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे कृष्णधवल फोटो चांदीच्या सूक्ष्म कणांनी बनलेले असल्यामुळे आजही बहुधा शाबूत आहेत, उलट सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांतील अनेक रंगीत फोटो लालसर पडले, कारण त्या कागदांतील निळसर रंगद्रव्य सर्वांत आधी विरत असे. ऐंशी-नव्वदच्या काळातील लग्नांच्या व्हिडिओ कॅसेट कपाटात आहेत पण त्या चालवणारी यंत्रे नाहीत. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी जपानी कंपनी फुनाई हिने २०१६ साली उत्पादन थांबवले. त्यानंतरच्या सीडी-डीव्हीडींची तीच गत झाली, आणि आता मिळणारा पेन ड्राइव्ह तर कायमच्या साठवणीसाठी बनलेलाच नाही. बारा बाय छत्तीस इंचांच्या जाड पानांचा करिझ्मा अल्बम, म्हणजे संगणकावर मांडणी करून अखंड छापलेली पाने जोडलेला अल्बम, दिसायला भव्य असतो, परंतु त्यातील नवरदेवाचे उडते कापलेले चित्र आणि पार्श्वभूमीचे गुलाब दहा वर्षांत हास्यास्पद वाटू लागतात आणि त्यातून एखादा फोटो सुटा काढता येत नाही. त्याच पैशांत लहान, साध्या मांडणीचा अल्बम, शंभरेक सुटे छापील फोटो आणि सर्व मूळ फाइलींच्या दोन डिस्क, एक वधूच्या व एक वराच्या घरी, एवढे घेणे जास्त हिताचे आहे.

फाइली मागण्याचा अधिकार कोणाचा, यावरून पुष्कळ तंटे होतात. भारताच्या कॉपीराइट कायदा १९५७ मधील कलम १७ नुसार, मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार, विरुद्ध करार नसेल तर, पैसे देणारा असतो. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्याने हा हक्क छायाचित्रकाराकडे जातो. आपल्याकडे तो मुळात ग्राहकाचा आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्याची मुदत छायाचित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षे एवढी झाली आहे. परंतु ‘विरुद्ध करार नसेल तर’ या चार शब्दांत सगळी मेख आहे, कारण छापील बिलाच्या मागच्या बारीक अटींत हा हक्क स्टुडिओकडे ठेवलेला असू शकतो, आणि मग वधूचा फोटो विचारल्याशिवाय इन्स्टाग्रामवर जाहिरातीत झळकला तर तक्रार करणे अवघड होते.

म्हणून इसार देण्यापूर्वी एका पानाचे का होईना लेखी ठरवून घेणे दोघांच्याही सोयीचे असते: प्रत्यक्ष कोण येणार, किती माणसे किती तास, कोणते विधी, मूळ फाइली मिळणार की नाही, जाहिरातीसाठी फोटो वापरायला संमती आहे की नाही, आणि ठरलेला माणूस आजारी पडला तर पर्यायी कोण. दोन्ही पक्षांनी आपापला फोटोग्राफर आणण्याची येथील रीत स्टेजवर गर्दी आणि खर्च दोन्ही दुप्पट करते. एकच पथक ठरवून त्याचा खर्च यादीतच निम्मा-निम्मा मांडला तर दोघांनाही तेच फोटो मिळतात. काम बिघडलेच तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दोन वर्षांच्या आत, स्वतः राहत असलेल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे, म्हणजे राहात्याच्या रहिवाशाला अहिल्यानगर येथे, तक्रार करता येते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. मात्र उशिराच्या बहुतेक तक्रारींत दोष एकट्या स्टुडिओचा नसतो, कारण अल्बमसाठी फोटो निवडून देण्याचे काम घरच्यांकडे असते आणि ते महिनोन् महिने रेंगाळते. दरम्यान स्टुडिओची डिस्क पुढच्या हंगामाच्या लग्नांनी भरत जाते आणि जुनी फाइल पुसावी लागते. त्यामुळे निवड किती दिवसांत द्यायची आणि स्टुडिओने फाइली किती महिने सांभाळायच्या, या दोन तारखाही त्याच कागदावर लिहून घ्याव्या लागतात.